समोरची पिवळी भिंत

आमच्या घराच्या पुढच्या दारातून ऊन कधी आत आलं नाही. चिकपेटेच्या पाठीमागच्या गल्लीत, दोन उघड्या छत्र्या शेजारून जाऊ शकणार नाहीत इतक्या अरुंद जागेत, ते घर लांबच लांब पसरलं होतं. पुढे साड्यांचं दुकान, मध्ये आम्ही राहायचो आणि मागे परसात रेशीम रंगवायचं काम चाले. पुढचं दार उत्तरेला होतं आणि पणजोबांनी ते मुद्दाम तसं ठेवलं होतं असं आम्हाला सारखं सांगितलं जाई. रंगाऱ्याच्या दारात ऊन नको, उजेड हवा. रेशमाची लड पातेल्यातून निघून अर्धवट वाळली की ती हातावर घेऊन पुढच्या उंबरठ्यावर आणायची, नमुन्याच्या तुकड्याला लावून बघायची, आणि तिथे जुळली की ती जुळली. मग कुणी शंका काढायची नाही. आमच्या घरात तांदळातले खडे, मुलांच्या केसांतल्या उवा, सोयरिकीला आलेला मुलीचा फोटो, सगळं त्या उंबरठ्यावर नेऊन बघत. मी त्या उंबरठ्याला अजूनही शिव्या घालते.

दुकानाच्या गादीवर बसत ते दोड्डप्पा, म्हणजे माझे थोरले काका. पिढ्यानपिढ्या बेंगळुरात राहून आमच्या मराठीत कानडी इतकी मुरली होती की काकाला काका म्हणायचं कुणाला सुचलंच नाही. त्याला अहो-जाहो करायची घरची रीत होती. इथे लिहिताना मी ती पाळणार नाही, कुणाला राग आला तर येऊ दे. परसातलं रंगकाम माझ्या वडिलांकडे, अण्णांकडे होतं. ते धाकटे. त्यांच्या नखांत कायम कुठला ना कुठला रंग असे, आणि जेवताना त्या बोटांनी भात कालवलेला बघून मला लहानपणी वाटे की अण्णांच्या पोटातही निळं-जांभळं काहीतरी असणार. बोलत फार कमी. लड उचलायची, डोळे बारीक करायचे, "स्वल्प तांबूस झालंय" म्हणायचं आणि पुन्हा पातेल्यात बुडवायची. पहाटे मला जाग यायची ती ओल्या लडी खुंटीवर आपटल्याच्या फट् फट् आवाजाने. रेशमाला रंग धरावा म्हणून पाण्यात आंबट घालत, त्याचा वास आमच्या अंथरुणांना, केसांना, दप्तराला येई. वर्गातल्या मुली म्हणायच्या, तुझ्या वेणीला लोणच्याचा वास येतो. मी त्यांना चिमटे काढायचे.

दोघा भावांचं पटत नव्हतं हे सांगायला कुणी लागत नव्हतं, एका पंगतीत जेवायला बसले की कळायचं. दोड्डप्पाला रंगकाम बंद करायचं होतं. बाहेरून रंगवलेला माल स्वस्तात येतो, परस रिकामं झालं तर तिथे गोदाम होईल, आणि पुढेमागे सगळं घर बाळूच्या नावावर सलग राहील. बाळू म्हणजे त्याचा लग्नानंतर कित्येक वर्षांनी झालेला मुलगा, तेव्हा पाळण्यात होता. पण घराण्याचा नियम असा की ज्याच्याकडे रंगाचा डोळा आहे त्याला परसातून कुणी उठवायचं नाही. आणि डोळा अण्णांकडे होता. त्यांचा वांगी रंग तर असा की विणकर दुसऱ्या कुणाकडे जात नसत. तेव्हा दोड्डप्पा सारू भुरकत भिंतीला उद्देशून म्हणायचा, "परसातल्या धुराने चांगल्या घराचं तळघर होतंय." अण्णा ताक मागायचे. माझी आई सोलापूरची, तिला असलं आडून बोलणं जमत नसे. ती वाढता वाढता पळी जोरात भांड्यावर आपटायची.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी समोरच्या नंजप्पाने आपली भिंत रंगवली. त्याचं खिळे-बिजागऱ्या-रंगाचं दुकान आमच्या दारासमोरच होतं, वर दोन मजले चुना लावलेली पांढरी भिंत. नवीन आलेला रंग लोकांना दिसावा म्हणून त्याने ती खालपासून वरपर्यंत हळदीसारखी पिवळी करून टाकली. "लग्नघर झालंय की," आई म्हणाली. आम्ही सगळे हसलो. दोन दिवसांनी त्या पिवळ्याची सवय झाली आणि मग ती भिंत कुणी बघेना. आता मी त्याचा विचार करते तेव्हा मला स्वतःच्या माणसांचा संताप येतो. पिढीजात रंगारी, सगळं आयुष्य उजेड बघण्यात गेलेलं, आणि तो उजेड येतो कुठून हे कुणी मान वर करून बघितलं नव्हतं. गल्लीत वर आकाशाची चिंधी. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलला की ऊन आमच्या छपरावरून जाऊन नंजप्पाच्या भिंतीवर पडे, आणि तिथून उलटून आमच्या उंबरठ्यावर येई. पणजोबांची उत्तर दिशा वगैरे ठीक आहे. पण ज्याच्यावर आमचं घराणं चाललं होतं त्यातला अर्धाअधिक उजेड नंजप्पाच्या चुन्याचा होता. शाळेत बाईंनी आम्हाला परावर्तन शिकवलं होतं, येणारा किरण, जाणारा किरण, दोन्ही कोन सारखे. सगळं आरशावर. भिंतीबद्दल कुणी काही शिकवलं नाही. आरसा उजेड आहे तसा परत देतो. भिंत आपल्याला हवं ते ठेवून घेते आणि उरलेला देते.

थंडी पडली आणि अवरेकाईचे दिवस आले. हे आपल्या पावट्याचं इकडचं भावंड. भिजवलेले दाणे चिमटीत धरून दाबले की साल हातात राहते आणि डाळ टुणकन उडून वाटीत पडते. दुपारभर आम्ही सगळ्या गच्चीवर बसून हेच करायचो, आई, मी आणि दोड्डम्मा, म्हणजे काकू. पण त्या वर्षी दोड्डम्मा कुरकुरत होती, कारण दोड्डप्पा सारखा गिऱ्हाइकांना घेऊन वर यायला लागला होता. "वर वारा छान आहे, इथे बघा साडी," म्हणत बायकांना गच्चीवर आणायचा, आणि आम्हाला आमचे दाण्यांचे ढीग बाजूला सारावे लागायचे. खाली एवढा उंबरठा असताना हे काय नवीन, असं दोड्डम्माने एकदा विचारलंही. त्याने तिला गप्प बसवलं. मी ते ऐकलं आणि विसरून गेले.

मग देवनहळ्ळीचे गौडा आले. शेतीवाडीचे मोठे गृहस्थ, त्यांच्या घरी लग्न होतं आणि घरातल्या सगळ्या बायकांना एका रंगाच्या साड्या हव्या होत्या, वांगी. अण्णांनी काठाचं रेशीम दसऱ्याच्या आधी रंगवून दिलं होतं, पदराचं दिवाळीनंतर. दुसऱ्या खेपेचं रेशीम जुळवताना मी तिथे होते. पहिल्यातला राखून ठेवलेला तुकडा आणि नवी लड, दोन्ही उंबरठ्यावर शेजारी धरलेली. अण्णांनी बघितली, आईने बघितली, दोड्डप्पाने गादीवरून उठून बघितली आणि "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणाला. आता गौडा साड्यांचं गाठोडं घेऊन दुकानात शिरले आणि ते त्यांनी गादीवर आदळलं. गल्लीला ऐकू जाईल असं कानडीत ओरडत होते. वर-पक्षाच्या बायका हसल्या, अंगणात साडी उलगडली तर काठ एक आणि पदर भलताच, असं काहीसं. दोड्डप्पाने गाठोडं तिथे सोडलं नाही. "वर चला, साहेब, वर चला," म्हणत तो त्यांना सरळ गच्चीवर घेऊन गेला आणि तिथून त्याने अण्णांना हाक मारली.

गच्चीवर लख्ख ऊन होतं. काठ वांगी होता. पदर निळा पडलेला, राखेत लोळल्यासारखा. आंधळ्यालाही दिसला असता. अण्णांनी पदर हातात घेतला, काठ हातात घेतला, आणि त्यांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता तसा झाला. दोड्डप्पा गौडांपुढे हात जोडून उभा होता. "भावाचे डोळे गेलेत, साहेब," तो म्हणाला. "आम्हाला कळलं नाही. आता त्याला कामाला हात लावू देणार नाही." हे आमच्या समोर, दाणे सोलणाऱ्या बायकांच्या समोर, एका परक्या माणसापुढे. मला वाटलं अण्णा आता काहीतरी बोलतील, एक तरी शिवी देतील. ते खाली गेले, पातेल्याखालची लाकडं ओढून काढली आणि त्यांच्यावर पाणी ओतलं. दोड्डप्पाने एक साडी ठेवून घेऊन कपाटात कुलपात टाकली, पुरावा म्हणून.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला मी दुसरा शब्द वापरणार नाही, तो छळ होता. अण्णा पाण्याचा तांब्या उचलायला गेले की दोड्डप्पा म्हणायचा, "दिसतोय ना, माधवा?" आले-गेलेल्यांना ऐकवायचा, आमच्या भावाला जरा वाट सोडा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्यांत काही दोष नाही. दोड्डप्पाने ते हसण्यावारी नेलं. सगळ्यांत वाईट म्हणजे अण्णांनीही ते मानलं नाही. "मग मला ते दिसलं कसं नाही?" एवढंच ते आईला विचारत. परसात थंड पातेल्यांच्या मध्ये बसून ते एक डोळा झाकून पेरूच्या झाडाकडे बघायचे, मग दुसरा झाकून. मोजमापं घ्यायला माणूसही येऊन गेला, गोदामाची. पुढच्या महिन्यापासून अण्णांनी दुकानात साड्यांच्या घड्या घालायच्या असं ठरलं. ठरवणारा एकटाच होता.

याच दिवसांत माझ्या शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावरून घरात दुसरं भांडण पेटलं होतं. वाळलेले कपडे आई उंबरठ्यावर घेऊन बसायची, डाग बघायची आणि घड्या घालायची. "इंदू, कपडे पिवळे राहतात गं तुझे," दोड्डम्मा आईला म्हणाली. "नीळ घालायला शिकवलं नाही का सोलापुरात?" आईला माहेर काढलेलं सहन होत नसे. तिने नीळ वाढवली. तरी पिवळे. आणखी वाढवली. शेवटी उंबरठ्यावर माझा सदरा असा पांढराशुभ्र दिसायला लागला की आई तो मुद्दाम दोड्डम्माच्या समोर झटकायची. तो घालून मी शाळेत गेले आणि प्रार्थनेला मैदानात उभी राहिले, तर पुढच्या ओळीपासून मागच्या ओळीपर्यंत मुली हसायला लागल्या. मी निळी होते. चांगली आभाळासारखी निळी. दिवसभर मला शाईची दौत म्हणत होत्या. शाळा सुटल्यावर मी धावतच घरी आले.

"बघ काय केलंस," मी आईवर ओरडले. आई म्हणाली, डोकं फिरलंय का, पांढरा तर आहे. आम्ही उंबरठ्यातच उभ्या होतो. मी खाली बघितलं. सदरा खरंच पांढरा होता. मी आईचा हात धरला, तिला ओढत गच्चीवर नेलं आणि सदऱ्याचं टोक तिच्या नाकासमोर धरलं. निळा. पुन्हा खाली. पांढरा. तिसऱ्यांदा वर जाताना आई मध्येच जिन्यात थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, मग जिन्याच्या झरोक्यातून समोर बघितलं, पिवळ्याकडे. "अगं बाई," ती म्हणाली, आणि मग तिच्या तोंडून अशी सोलापुरी शिवी बाहेर पडली की ती मी इथे लिहिणार नाही. तिने कपडे पिवळे दिसतात म्हणून निळं वाढवलं होतं. अण्णांनी रेशीम तांबूस दिसतं म्हणून निळं वाढवलं होतं. आणि त्या पिवळ्या उजेडात निळं कमी झालं काय, जास्त झालं काय, कुणाला कळणारच नव्हतं. एकाच घरात, एकाच जागी बसून दोघांनी एकच चूक केली होती, आणि डोळे गेले म्हणून फक्त एकाला उठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. ऊन चांगलं वर आल्यावर आईने दोड्डम्माकडे कपाटाची किल्ली मागितली. दोड्डम्मा का-कू करायला लागली तेव्हा आईने ती तिच्या कमरेची काढूनच घेतली. साडी घेऊन ती दुकानात आली.

"भाऊजी, उंबरठ्यावर या जरा."

"काय आहे?"

"गौडांची साडी बघायचीय."

"ती बघून झालीय, इंदू. पुन्हा तमाशा नको."

"तमाशा मी अजून केलेलाच नाही," आई म्हणाली.

अण्णा आवाज ऐकून परसातून आले. आईने काठ आणि पदर शेजारी धरले. अण्णा वाकले आणि बघत राहिले. "एकच आहे," ते हळूच म्हणाले, आणि मला त्यांचा आवाज ऐकून रडू आलं, कारण ते घाबरले होते. त्यांना वाटलं, डोळे अजून फसवतायत. आईने दोड्डम्माला पुढे केलं. "अक्का, तुम्ही सांगा." दोड्डम्माने नवऱ्याकडे बघितलं, साडीकडे बघितलं. "एकच दिसतंय गं," ती म्हणाली. मग आम्ही सगळे वर गेलो. दोड्डप्पा यायला तयार नव्हता, पण गिऱ्हाइकं बघत होती. उन्हात आईने साडी उलगडली आणि काठ वांगी झाला, पदर राखाडी निळा. मी सदरा शेजारी ठेवला आणि भिंतीकडे बोट दाखवून एका दमात सगळं सांगितलं, भिंत, चुना, नीळ, शाईची दौत. अण्णा कठड्याशी गेले. त्या पिवळ्या भिंतीकडे ते कितीतरी वेळ बघत होते. त्यांचे खांदे सैल पडलेले मला दिसले.

मला वाटलं, संपलं. पण आई थांबली नव्हती. "भाऊजी, गौडा आले तेव्हा तुम्ही त्यांना खाली उंबरठ्यावर साडी का दाखवली नाही? वर का आणलंत?"

"वर वारा असतो," दोड्डप्पा म्हणाला.

"दिवाळीपासून एकाही गिऱ्हाइकाला तुम्ही खाली साडी बघू दिलेली नाही."

तेव्हा मला दाण्यांचे ढीग आठवले. अण्णा वळले. "दादा, तुला दिसलं होतं?"

दोड्डप्पा अजून नाही म्हणू शकला असता. मी इतक्या वर्षांनी सांगते, तो नाही म्हणाला असता तर अण्णांनी ते मानलं असतं. पण तो ताठ उभा राहिला. "डोळा तुझा, माधवा," तो म्हणाला. "तुला दिसायला हवं होतं. मी कशाला सांगू?"

अण्णांनी साडीची घडी घातली, नीट, काठाला काठ लावून, आणि त्याच्या हातात दिली. संक्रांतीच्या आत आम्ही ते घर सोडलं. राजाजीनगरला, पुढे मोकळी जागा असलेल्या एका बसक्या घरात अण्णांनी पुन्हा पातेली मांडली. विणकर शोधत आले, वांगी रंग पुन्हा जुळला, पण उंबरठ्यावर त्यांनी कधी काही बघितलं नाही. लड घेऊन रस्त्यावर जायचे, मग झाडाखाली, मग गच्चीवर, आणि तरी मला विचारायचे, "तुला कसं दिसतंय?" आयुष्यभर विचारत राहिले. त्यांच्या डोळ्याला काही झालं नव्हतं. दोड्डप्पाने जे मोडलं होतं ते वेगळं होतं आणि ते काही जुळून आलं नाही. दोड्डप्पा गेला तेव्हा अण्णांनी खांदा दिला. मी गेले नाही. आई म्हणाली, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, म्हणू देत.

आता मी मुलाकडे इलेक्ट्रॉनिक सिटीत राहते. समोर कुठल्याशा कंपनीची सोनेरी काचांची इमारत आहे. दुपार कलली की तिच्यावरचं ऊन उलटून आमच्या दिवाणखान्यात येतं, सुनेला ते फार आवडतं, ती त्या उजेडात फोटो काढते. मी पडदा ओढून घेते. मागच्या आठवड्यात त्याच वेळेला बाळू आला. पाळण्यातला बाळू आता निवृत्त झालाय आणि चिकपेटेचं घर विकतोय. घर रिकामं करताना कपाटात एक साडी सापडली, म्हणाला. मी बघताक्षणी ओळखली. त्याला काही माहीत नव्हतं, त्याच्या घरात हे कोण सांगणार? मुलीचं लग्न ठरलंय, तिला जुनी साडी नेसून बोहल्यावर उभं राहायचंय. त्याने पडदा सारला, खिडकीशी साडी उलगडली आणि खुशीत म्हणाला, "अक्का, बघ की, काठ-पदर कसा एक आहे. अण्णांच्या हातचा रंग ना हा? डागबिग नाही ना कुठे, तू सांग."

एकच दिसत होता. सोनेरी उजेडात काठ वांगी, पदर वांगी. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. त्याची पोर पाहुण्यांसमोर, भर दुपारी, मांडवात दोन रंगांची उभी राहिली असती, आणि कुणी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. ते त्याच्याच बापाचं होतं, मी कशाला सांगू. ते अगदी जिभेवर आलं होतं आणि खोटं कशाला बोलू, त्याची चव छान होती.

"गच्चीवर चल," मी म्हटलं.

मला दया आली म्हणून नाही. माफ वगैरे मी कुणाला केलेलं नाही. पण ते उत्तर मनात धरून मी गप्प बसले असते तर मी दोड्डप्पाची पुतणी ठरले असते, आणि मी अण्णांची मुलगी आहे. लिफ्टने वर गेलो. पाण्याच्या टाक्यांपलीकडे मोकळ्या उन्हात मी साडी पसरली. बाळू बघत राहिला, मग त्याने पदर हातात घेतला, काठ हातात घेतला, अण्णांनी घेतला होता तसाच. "हे खाली का दिसलं नाही?" त्याने विचारलं. मग मी त्याला सांगितलं. भिंत, नीळ, गौडा, सगळं, आणि शेवटी त्याच्या वडिलांचं वाक्य, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

"बाबा असं म्हणाले?"

"असंच म्हणाले."

त्याने पदर पुन्हा एकदा काठाशी लावून बघितला. मग साडीची घडी घालायला लागला, त्याला ती नीट घालता येईना. मी त्याच्या हातातून घेतली आणि काठाला काठ लावून घातली. ही आता माझ्याकडे राहू दे, म्हटलं. तो हो म्हणाला.

"मग मुलीला काय सांगू, अक्का?"

"दुसरी घे म्हणावं," मी म्हटलं. "आणि घेताना दुकानातून बाहेर रस्त्यावर जाऊन बघ म्हणावं. एकटीने नको. मला बोलाव, मी येते."